जुन्या देशाची तिकिटं

व्लास्ता ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडलेली असताना तिच्या नवऱ्यानं, ओत्मारनं, तिच्या वारलेल्या वडिलांचा त्सिंबाल परस्पर विकून टाकला. संतुराचा थोरला भाऊ म्हणावा असं ते वाद्य. स्त्राझनित्से गावातली निम्मी लग्नं त्यावर नाचलेली. त्या पैशांत या तिकीटवेड्या गृहस्थानं काय आणावं, तर चुकीच्या रंगात छापलेल्या टपाल तिकिटांचा अख्खा ताव. पुढच्याच महिन्यात चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले आणि ओत्मार सरहद्दीपलीकडे स्कालित्सात एका न्हाविणीकडे राहायला गेला. घाईत ताव मात्र इथंच राहिला.

"शनिवारी नेतो," तो फोनवर म्हणाला. "हात लावू नकोस."

जुन्या देशाची तिकिटं सप्टेंबरअखेरपर्यंत दोन्हीकडच्या टपालात चालणार होती. व्लास्तानं एक तिकीट फाडलं, जिभेनं चांगलं ओलं केलं आणि रिकाम्या पाकिटावर डकवून त्यालाच धाडलं. तिकिटाच्या डिंकाला कुणाचा श्वास लागला तरी बोंबलणारा माणूस तो. आता बस म्हणावं बोंबलत.

फोन आला तो हसतच.

"अगं, सोन्यासारखी बाई तू. तिकीट मेलेल्या देशाचं, शिक्का तिकडचा, पत्ता इकडचा. कोऱ्यापेक्षा याला जास्त गिऱ्हाइकं आहेत. उरलेलीही अशीच पाठव ना."

"पाठवते की."

फोन ठेवला तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आपल्याच थुंकीनं त्या मेल्याचं भलं केलं. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. मग तिनं स्कालित्सातल्या मावशीकडून ढीगभर पत्ते मागवले आणि लिहायला बसली. प्रत्येक पत्रात मजकूर एकच: बायको दवाखान्यात असताना ओत्मारनं तिच्या मेलेल्या बापाचा त्सिंबाल विकला, खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. अख्खा ताव तिनं संपवला.

आठवड्यानं त्याचा फोन आला. "पाकिटं आली नाहीत."

"आली की. न्हाविणीच्या आईला आली, पाद्रीबाबांना आली, तुमच्या तिकीट मंडळाच्या अध्यक्षांना आली. मावशीच्या समोर तो बँडवाला राहतो ना, त्यालासुद्धा आली. जा, माग. नुसतं पाकीट तर मागायचंय."



रविवारी ती बसनं मावशीकडे गेली आणि खिडकीत बसली. ओत्मार आलाच, हाव कुठली सुटते. टोपी हातात घेऊन तो समोरच्या दारात उभा राहिला. बँडवाल्यानं पत्र आणलं आणि चर्चमधून परतणाऱ्या लोकांना ऐकू जाईल असं शेवटपर्यंत वाचलं.

"त्सिंबाल कोणाचा होता?" त्यानं विचारलं.

ओत्मार काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"फ्लोरियानचा. माझ्या सासऱ्याचा."

बँडवाल्यानं पाकीट न देताच दार लावून घेतलं. ओत्मार मान खाली घालून शेजारच्या पाद्रीबाबांच्या घराकडे वळला. व्लास्तानं मावशीकडे आणखी एक कप कॉफी मागितली आणि खुर्ची खिडकीच्या जवळ ओढली.