जुना ड्रायव्हर काढून टाकावा

विम्याच्या त्या कचेरीत बत्तीस नवे मॉनिटर आले, तेव्हा पहिली पंचाईत जागेची झाली. मॉनिटर चांगले हातभर रुंद. ते टेबलावर बसवायचे तर कुणाच्या पोरांचे फोटो खाली उतरले, कुणाची पाण्याची बाटली जमिनीवर गेली, आणि दावे विभागातल्या बाईंचं निवडुंग खिडकीत जाऊन बसलं. प्रत्येक मॉनिटरच्या वरच्या पट्टीत मधोमध मसुराएवढा कॅमेरा होता. बडे साहेब एका परिसंवादाला गेले होते, तिथं त्यांनी असा मॉनिटर पाहिला आणि त्यांचं मन त्यावर जडलं. मुख्य कचेरीशी समोरासमोर बोलता येईल, असं कारण कागदावर होतं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कोण खुर्चीत आहे आणि कोण चहाला गेलंय, हे साहेबांना आपल्या खोलीतून बघायचं होतं.

जोडणी करायला कचेरीत एकच माणूस, वायरताई. खरं पद तंत्र-सहायक, पण पंधरा वर्षं टेबलांखाली शिरून वायरी ओढल्यावर पदाचं नाव कोण लक्षात ठेवतो. बाई कामाला वाघ आणि बोलायला तुसडी. आपल्याला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही, याचं तिला दुःख कमी आणि समाधान जास्त.

तर तिनं सगळे मॉनिटर जोडले, सोबत आलेल्या डिस्कवरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला नवं यंत्र कसं वापरायचं ते सांगणारा प्रोग्रॅम, बत्तीस ठिकाणी चढवला आणि कॅमेरे सुरू केले. बत्तीसच्या बत्तीस माणसं उलटी दिसली. डोकं खाली, मान वर, आणि चेहरे असे पसरट की दावेवाल्या बाईंनी स्वतःला बघून मॉनिटरच बंद केला. शिवाय दर दहा मिनिटांनी चित्र थिजायचं. साहेबांची पहिली सभा झाली तेव्हा ते पडद्यावर वटवाघळासारखे लोंबकळत होते. चित्र थिजलं तेही नेमकं त्यांचं तोंड उघडं असताना. कुणी हसलं नाही. उलट वसुली अधिकारी म्हणाले की साहेब, आवाज फार स्वच्छ येतोय.

वायरताईनं अर्ध्या तासात रोग शोधला. डिस्कवरचा ड्रायव्हर दुसऱ्याच मॉनिटरचा होता, ज्याचा कॅमेरा खालच्या पट्टीत उलटा बसवलेला असतो. बरोबर ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवर होता. जुना मुळापासून काढायचा, केबल उपसायची, संगणक बंद करून चालू करायचा आणि नवा चढवायचा. दहा मिनिटांचं काम. पण कचेरीचा नियम असा की कुठल्याही संगणकात काही घालायचं वा काढायचं तर दर वेळी नवी लेखी मंजुरी हवी, आणि पासवर्ड खुद्द साहेबांच्या कपाटात. तेव्हा तिनं टिपण लिहिलं. लिहिताना तिच्या मनात नेहमीचंच होतं, की ह्यांना कळलं नाही तर विचारतील.

टिपण असं होतं: "सध्याचा ड्रायव्हर सदोष आहे. तो साहेबांना उलटे करतो व मध्येच थांबतो. त्यात सुधारणा शक्य नाही. जुना ड्रायव्हर पूर्णपणे काढून टाकावा. नुसता बाजूला केल्यास तो पुन्हा परत येतो. त्यानंतर नवीन घ्यावा. मंजुरी मिळावी."

टिपण आस्थापना विभागाच्या हेडक्लार्ककडे गेलं. त्यांना सगळे शिक्केमहाराज म्हणत. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना घाम फुटला. साहेबांना उलटे करतो म्हणजे काय? गाडी उलटली की काय? कधी? आपल्याला कसं कळलं नाही? एक फोन फिरवला असता तर कळलं असतं, वायरताई त्याच मजल्यावर बसायची. पण विचारायचं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायचं, आणि ती सवय महाराजांना नव्हती. त्यांनी आदेश टंकला, साहेबांच्या सहीच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला, आणि साहेबांनी सगळ्या कागदांवर करतात तशी त्यावरही, फोनवर बोलता बोलता, सही केली.

कचेरीच्या गाडीवर एक ड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. चोवीस वर्षं नोकरी, गाडीला साधा ओरखडा नाही. सोमवारी सकाळी ते गाडीच्या काचा पुसत असताना शिपायानं त्यांच्या हातात आदेश दिला. चाव्या जमा कराव्यात, तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत हजर व्हावं, गाडीवर बाहेरून दुसरा माणूस घेण्यात येईल. कारण, तांत्रिक विभागाचा अहवाल.

मामा आदेश घेऊन थेट वायरताईच्या टेबलापाशी आले. ती टेबलाखाली होती. बाहेर आली तर समोर मामा, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात कागद. चिडलेले नव्हते, आणि तेच तिला नंतर जास्त लागलं.

"ताई," ते म्हणाले, "मी साहेबांना कधी उलटं केलं?"

तिनं कागद वाचला. आधी तिला हसू फुटलं. मग मामांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिनं हसू आवरलं. तिनं त्यांना समजावलं की ड्रायव्हर म्हणून संगणकातही एक चीज असते, हे तिच्याबद्दल आहे, तुमचा काही संबंध नाही, आत्ता जाऊन दुरुस्त करून आणते. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग त्या चिजेला तळघरात पाठवायचं सोडून मला का पाठवलं.

ती शिक्केमहाराजांकडे गेली. महाराजांना गोम कळायला मिनिटभरही लागलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू पूर्वीच्या रंगावर आला. ते म्हणाले की झालं ते वाईट झालं, पण आता आदेश मागे घ्यायचा तर साहेबांनी न वाचता सही केली असं लिहावं लागेल, आणि ते लिहिणारा अजून जन्माला यायचाय. मामांनी रीतसर अर्ज करावा, तीस दिवसांत विचार होईल.

"पण चूक आहे ना ही?" वायरताई म्हणाली.

"सही व्हायच्या आधी चूक असते," महाराज शांतपणे म्हणाले. "सही झाली की तो आदेश असतो."

घरी तिनं हे सासऱ्यांना सांगितलं. सासरे व्याकरणाचे मास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी वर्तमानपत्र वाचायला लाल पेन घेऊनच बसत. नवरा नेहमीप्रमाणे फिरतीवर होता, त्यामुळे जेवताना दोघंच. तिला वाटलं होतं म्हातारा महाराजांची सालटी काढील. त्यांनी टिपणातले शब्द जसेच्या तसे म्हणून घेतले, घास थांबवून ऐकले, आणि म्हणाले, "वाचणारा मूर्ख आहे हे तुला ठाऊक होतं ना?"

ती म्हणाली की सगळ्या कचेरीला ठाऊक आहे.

"मग मूर्खाला कळेल असं लिहायचं काम तुझं होतं. शहाण्याला काय, कोऱ्या कागदावरूनही कळतं. 'कॅमेऱ्याचा' एवढा एक शब्द पुढे लावला असतास तर तुझी शाई संपली नसती, बाळ."

तिला राग आला, कारण ते खरं होतं. रागाच्या भरात तिनं भांडी अशी आपटली की सासऱ्यांनी रेडिओ मोठा केला.

तिकडे साहेबांनी आपल्या परीनं तोड काढली होती. गुरुवारी मुख्य कचेरीशी मोठी सभा होती आणि त्यात उलटं लटकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सुतार बोलावून आपल्या खोलीतला मॉनिटर भिंतीवर उलटा ठोकून घेतला. कॅमेरा उलटा झाला, त्यामुळे साहेब आता पलीकडच्यांना सुलटे दिसू लागले. पण पडदाही उलटा झाल्यामुळे साहेबांना बाकीची सगळी दुनिया उलटी दिसू लागली. शिवाय कॅमेरा खाली गेल्यामुळे पलीकडच्यांना साहेबांच्या नाकपुड्याच काय त्या ठळक दिसत. सभेचा सराव करताना साहेब मान खांद्यावर टाकून, तिरके होऊन बघत होते, आणि वसुली अधिकारी शेजारी उभे राहून तसेच तिरके होत होते. चित्र सुलटं करायची सोय संगणकात आहे, हे वायरताईला ठाऊक होतं. ती बोलली नाही.

गुरुवारी सव्वादहाला साहेबांनी तिला बोलावलं. सभा अकराला. मानेला पट्टा बांधून साहेब बसले होते. त्यांनी विचारलं की हे सरळ व्हायला किती वेळ लागेल.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

मग इतके दिवस का केलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"मंजुरी नाही साहेब. ड्रायव्हर काढायची एकच मंजुरी होती आणि तुमच्या सहीनं ड्रायव्हर काढून झालाय. तळघरात बसलेत. त्यांना काढूनही चित्र उलटंच आहे, त्याला मी काय करणार?"

साहेबांच्या डोक्यात गोष्ट उतरायला वेळ लागला, पण उतरली. त्यांनी शिक्केमहाराजांना बोलावलं आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते बाहेर अख्ख्या मजल्यानं ऐकलं. न वाचता सह्या घेता म्हणजे काय, असं साहेब विचारत होते. न वाचता सह्या करता म्हणजे काय, असं महाराज विचारू शकत नव्हते. वायरताई दाराबाहेर हाताची घडी घालून उभी होती. शिपायानं येऊन सांगितलं की साहेब म्हणतात आधी काम सुरू करा, कागद मागून येईल. कागद आल्यावर सुरू करते, असं तिनं कळवलं. साडेदहा वाजले. पावणेअकरा झाले.

दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी कागद आला. चूक झाली असं त्यात कुठंही नव्हतं. महाराजांनी आयुष्यभराचं कसब पणाला लावून लिहिलं होतं: "सदर ड्रायव्हरच्या वर्तनात चार दिवसांत समाधानकारक सुधारणा झाल्याचे दिसून आल्याने त्यास मूळ जागी पुन्हा घेण्यात येत आहे." मामांच्या सेवापुस्तकात त्याची नोंद करावी, अशी खाली टीप होती.

वायरताईला ते वाक्य खटकलं. पण बारा मिनिटं उरली होती, मामांच्या चाव्या परत मिळत होत्या, आणि खरं सांगायचं तर साहेबांच्या मानेवरचा तो पट्टा बघून तिचं मन भरलं होतं. तिनं वाद घातला नाही. सुताराचे स्क्रू काढले, मॉनिटर सरळ केला, जुना ड्रायव्हर काढला, नवा चढवला. अकराला दोन मिनिटं कमी असताना साहेब पडद्यावर सुलटे, स्वच्छ आणि खऱ्या रुंदीचे दिसले. खरी रुंदीही काही कमी नव्हती. सभा दोन तास चालली. पंधरा दिवसांनी मुख्य कचेरीनं विचारणा केली की आपण दुपारी दोन ते तीन पडद्यावर झोपलेले का दिसता. त्या दिवसापासून साहेबांच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी आहे.

पण ते पुढचं. त्या गुरुवारी सभा सुरू झाल्यावर वायरताई खाली अंगणात गेली. मामा गाडीपाशी होते, चार दिवसांची धूळ पुसत. तिनं सांगितलं की झालं एकदाचं, मिटलं. मामा म्हणाले की हो, मिळाला कागद. मग फडकं पिळता पिळता म्हणाले की घरी फोनवर वाचून दाखवला, तर मंडळी विचारतेय, सुधारणा झाली म्हणजे आधी काय बिघडलं होतं. धाकट्या जावयानंही विचारलं. चोवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

वायरताई म्हणाली, "मामा, माझी चूक झाली. मी आजच लिहून देते, सगळं स्पष्ट. सेवापुस्तकात लावायला."

मामांनी गाडीचं दार उघडलं, आत बसले, आरसा आपल्या उंचीला नीट केला.

"नको ताई," ते म्हणाले. "तुम्ही आता काही लिहू नका."

ती वर आली. एकतीस मॉनिटर अजून उलटेच होते. साहेब सभेत होते, शिक्केमहाराज डोकं दुखतंय म्हणून घरी गेले होते, आणि सकाळी साहेबांच्या संगणकावर वापरलेला पासवर्ड तिला पाठ झाला होता. संध्याकाळपर्यंत तिनं एकेक करून सगळे सरळ केले. प्रत्येक टेबलापाशी थांबून, काय केलं आणि का केलं, ते समोरच्याला दोनदा समजावून सांगितलं. कागदावर कुठंही एक अक्षर लिहिलं नाही.