निसारभाईंचे राहिलेले व्याख्यान

मी एक जुना सागवानी पोडियम आहे. व्याख्यान देणारा माणूस ज्याच्यामागे उभा राहतो आणि घाबरला की ज्याच्या कडा घट्ट धरतो, तोच मी. जुन्या नाशकातल्या एका छोट्या वाचनालयाच्या अंगणात माझे आयुष्य गेले. मित्रांनो, आज तुम्हांला माझी, आणि माझ्यापेक्षाही मला घडवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते.

त्यांचे नाव निसारभाई. वाचनालयासमोरच्या बोळात त्यांचे सुतारकामाचे दुकान होते. एका पाडलेल्या गोदामाच्या दारांचे लाकूड त्यांनी माझ्यासाठी निवडले. रंध्याखाली वर्षानुवर्षांचा काळा थर निघाला, आतून मधासारखा रंग दिसू लागला, तेव्हा ते स्वतःशीच हसले. ते हसू मला अजून आठवते.

त्या काळी संक्रांतीनंतर आमच्या अंगणात व्याख्यानमाला भरत असे. बाहेरगावचे मोठमोठे विद्वान येत. त्यांना शोभावे म्हणून निसारभाईंनी मला चांगले उंच केले होते. मला त्या उंचीचा फार अभिमान होता.

वाचनालय शेखरकाका चालवत. दिवसा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी पुस्तके, असा त्यांचा दिनक्रम होता. एका वर्षी ते सभेत म्हणाले, "पाहुण्यांना पुष्कळ ऐकलं. यंदा आपलीच माणसं बोलतील. ज्याला जे येतं, ते त्यानं सांगायचं."

पहिल्या संध्याकाळी बयाबाई आल्या. हरसूलकडून रानभाज्या आणून त्या आमच्या बोळाच्या तोंडाशी विकायला बसत. त्या दिवशी नवे लुगडे नेसून त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि दिसेनाशाच झाल्या! समोरच्यांना फक्त डोक्यावरचा पदर दिसत होता. सतरंजीवर हशा पिकला. बयाबाई बाजूला झाल्या.

"मला नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "हे मोठ्या मान्सांचं हाय." आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या. शेखरकाका मागे धावले, पण त्या थांबेनात.

तेवढ्यात मागच्या रांगेतून निसारभाई उठले. "बयाबाई, रुका जरा. चूक तुमची नाय. माप माझं चुकलं." ते दुकानातून करवत घेऊन आले. त्यांनी मला सर्वांसमक्ष आडवे केले आणि माझे चारही पाय वीतभर कापून टाकले. लाकडाचा भुसा सतरंजीवर उडत होता. मित्रांनो, खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. ज्यांनी एवढ्या मायेने उंच केले, तेच मला छाटत होते!

पण मग बयाबाई परत आल्या. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. आता त्यांचा चेहरा सगळ्या अंगणाला दिसत होता. त्या करटोलीबद्दल बोलल्या, टाकळा कोवळा असतानाच का खुडावा ते सांगितले. "भाजी खुडायची, मूळ उपटायचं नाय," त्या म्हणाल्या. "आज समदं उपटलं, तर पुढल्या पावसात पोरं काय खातील?" अंगण कान देऊन ऐकत होते. माझे दुःख कधी विरले, ते मला कळलेच नाही.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. इगतपुरीचे एक निवृत्त रेल्वेवाले घाटातल्या पावसाचे आणि धुक्याचे किस्से सांगून गेले. गोदावरीत पोरांना पोहायला शिकवणारे आले, पैठणी विणणारे आले. कितीतरी हातांनी माझ्या कडा गुळगुळीत झाल्या.

निसारभाई मात्र कधी बोलले नाहीत. दरवर्षी मालेच्या आधी ते जवसाचे तेल घेऊन येत आणि मला चोळून चमकवत. शेखरकाका दरवर्षी विचारत, "निसारभाई, यंदा लाकडावर बोला ना!"

"पुढच्या साली बघू, शेखरभाऊ. माझे हात बोलतात, तोंड नाय बोलत."

असाच एक पावसाळा आला आणि निसारभाई छातीच्या दुखण्याने गेले. त्या थंडीत मला तेल लावायला कोणी आले नाही. पुढे कोरोना आला आणि व्याख्यानमाला बंद पडली. साथ ओसरली, तरी ती सुरू झाली नाही. मी मागच्या खोलीत गेलो. माझ्यावर बिघडलेला पंखा आला, रंगाचे डबे आले. ओल्या बादलीने माझ्या अंगावर पांढरे वळ उमटवले. मग एक दिवस मला भंगारात द्यायचे ठरले.

हे कळताच निसारभाईंची मुलगी निलोफर धावत आली. ती आता अंबडमध्येच एका कंपनीत इंजिनिअर आहे. "काका, हा मी घरी नेते," ती शेखरकाकांना म्हणाली.

"ने बेटा. पण त्याआधी एक संध्याकाळ याच्यामागे उभी राहा. अब्बांचं राहिलेलं व्याख्यान तू दे."

"मी काय बोलू? अब्बांनी मला रंध्याला हातसुद्धा लावू दिला नाही. म्हणायचे, तू पुस्तकं धर."

तरीही ती आली. अंगण पुन्हा भरले. ती दोन-चार वाक्ये बोलली आणि अडखळली. "मला एवढंच माहीत आहे," ती म्हणाली.

तेव्हा धोंडाबाई नावाच्या एक आजी हात टेकत उठल्या. "माझ्या नातवाचा पाळणा तुझ्या वडलांनी केला, पोरी. कड गोल झाली की नाही, ते स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचे. बाळाला टोचायला नको म्हणून."

मग दुसरे कोणी उठले, तिसरे उठले. निसारभाई लाकडावर टिचकी मारून आवाज कसा ऐकत, गल्लीतल्या एका आंधळ्या आजोबांसाठी त्यांनी जिन्याच्या कठड्याला प्रत्येक वळणावर खूण कशी कोरली, एकेक जण सांगू लागला. निलोफर आता बोलत नव्हती, विचारत होती. "कुठल्या गालावरून, आजी?"

"उजव्या."

निलोफर खाली वाकली आणि तिने आपला उजवा गाल माझ्या कडेवर टेकवला. बराच वेळ ती तशीच होती.

तिने मला घरी नेले नाही. व्याख्यानमाला पुन्हा सुरू झाली आहे आणि निलोफर ती शेखरकाकांबरोबर चालवते.

मित्रांनो, ओली भांडी माझ्यावर ठेवू नका, वर्षातून एकदा मला तेलाचा हात द्या, एवढे पुरे. मी लाकूड आहे, टिकेन. माणसे मात्र टिकत नाहीत. तुमच्या गल्लीत कोणाला काही येत असेल, तर आजच त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "हे तुम्ही कसं करता?" लाजतील, नको म्हणतील. तुम्ही उठू नका.