करंगळी पुसायची राहिली

"पुन्हा तीच!" सिस्टरांनी पर्समधून कागदी रुमालाची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. आत उजव्या करंगळीचं नख होतं, फिकट गुलाबी, अगदी शाबूत. "नऊ जणी शहाण्यासारख्या राहतात आणि ही एक कार्टी दर आठवड्याला घर सोडून पळते."

"बघू," म्हणत नखवालीने दिवा जवळ ओढला. खरं तर त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ते नख का निघालं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पार्लरमध्ये तिला सगळे नखवालीच म्हणत. केस आणि चेहरे करणाऱ्या पोरी पुढे मोठ्या आरशांपाशी उभ्या असत, हिचं टेबल मागे, धुतलेले टॉवेल वाळत असत तिथे. पण चिकटवायची नखं टिकवावीत ती हिनेच. "चिकटवणं काय, कुणालाही येतं. सगळं तयारीत आहे," असं ती म्हणायची. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. नखाच्या मुळाशी चढलेली कातडी लाकडी काडीने हलकेच मागे सारायची. कडा घासायच्या, मग वरची चकाकी उतरवायची, कारण गुळगुळीत नखावर गोंद धरत नाही. शेवटी स्पिरिटचा बोळा एकेका नखावरून फिरवायचा आणि त्यानंतर त्याला बोटसुद्धा लावायचं नाही, जरा तेलकटपणा राहिला की नख आठवड्यात सुटतं. मग नख ठेवून अर्धा मिनिट दाबून धरायचं. दुसरीकडची नखं पाच-सहा दिवसांत गळत, हिची तीन आठवडे हलत नसत. आता यात गंमत अशी की गिऱ्हाईक जितकं खूश होऊन जाई, तितकं ते उशिरा परत येई. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय!

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाऊ-वहिनी परगावी, त्यांचा फोन यायचा तो बहुधा चुकून लागलेला असायचा. खोलीवर गेलं की कुलूप काढणारी तीच आणि "आलीस का?" विचारणारीही तीच.

अशात सात-आठ महिन्यांपूर्वी सिस्टर आल्या. इस्पितळात पस्तीस वर्षं नोकरी, पस्तीस वर्षं नखं मुळापर्यंत कापलेली. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच हौस उरली होती. "लांब नखं कशी वाटतात ते बघायचंय एकदा," त्या म्हणाल्या आणि हात पुढे करत विचारलं, "जेवलीस का गं?"

हा एवढा साधा प्रश्न नखवालीला कुणी विचारून वर्षं लोटली होती. तीन आठवड्यांनी सिस्टर पुन्हा आल्या, तेव्हा बोळा नऊ नखांवरून फिरला आणि दहाव्यावरून फिरलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने काम अर्धवट सोडलं, आणि तेही जाणूनबुजून. आठव्या दिवशी सिस्टर पुडी घेऊन दारात हजर. काम दहा मिनिटांचं, गप्पा तासभर. तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा तो तास मोठा होता. तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

"आज एक नको, दहाही नवी लाव," सिस्टर म्हणाल्या. "परवा निघालेय मी. मुलाकडे."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमची. घर दिलं सोडून. गुडघे म्हणतात, एकटीने राहायची हौस पुरे."

नखवालीने वाटीत कोमट पाणी घेतलं. तिने जुनी नखं सोडवली, हात धुतले, काडी फिरवली, कडा घासल्या, चकाकी उतरवली. मग बोळा घेतला. नऊ झाली आणि हात सवयीने थांबला. आता थांबून काय उपयोग, हे कळत असूनही थांबला.

"या वेळी करंगळीही पूस हं," सिस्टर शांतपणे म्हणाल्या.

तिचे कान तापले. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"सुई टोचायच्या आधी स्पिरिट लावण्यात जन्म गेला माझा. बोळा कुठे फिरला नि कुठे नाही, मला दिसत नसेल होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पुसली असतीस." सिस्टर हसल्या. "आणि दोनदा तर मेलं निघतच नव्हतं. मीच गरम पाण्यात घालून काढलं."

नखवालीला हसू आलं आणि रडूही. तिने करंगळी पुसली, एकदा सोडून दोनदा. दहाही नखं अर्धा-अर्धा मिनिट दाबून धरली.

चोविसाव्या दिवशी दुपारी फोन आला.

"अगं, एकही हललं नाही! सूनबाई विचारते, कुठून करून आणलीत? पण आता मुळाशी माझी स्वतःची वाढलीत. ही काढू कशी?"

दोनदा नख गरम पाण्यात घालून काढणाऱ्या बाईंनी हे विचारावं, याचं नखवालीला हसू आलं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

"ओढू नका हं, खालचं नख सोलून येईल. कोमट पाण्यात साबण घाला, थोडं तेल. बोटं बुडवून बसा. आपोआप सुटतील."

"बरं. मग ठेवू फोन?"

"नको. स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. सून कुठे बाहेर गेली असावी, घरात बाकी काही हालचाल ऐकू येत नव्हती. "एक सुटलं," सिस्टर म्हणाल्या. "हं," नखवाली म्हणाली. थोड्या वेळाने दुसरं. पुढून मालकीणबाईंनी हाक मारली, "अगं, गिऱ्हाईक आलंय!" तिने हातानेच थांबा म्हणून खूण केली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

"नऊ झाली," सिस्टर म्हणाल्या. "अंगठा काही सोडत नाही बाई."

नखवालीने स्टूल भिंतीशी ओढलं आणि फोन कानाला धरून बसली.

"राहू दे," ती म्हणाली. "पाणी गार झालं असेल, थोडं गरम घाला. घाई नाही. मी आहे."