उलट्या हाताचा कप

आमच्या ह्यांचा हात असा थरथरायचा, की त्यांनी कप उचलला की शेजारच्या घरातली भांडी वाजायची. खोटं वाटत असेल तर शेजारणीला विचारा. ती आता हयात नाही, पण विचारा. डावा हात अर्धांगाच्या झटक्यात गेलेला, आणि उजवा हा असा. अर्धा चहा तोंडात, अर्धा मुंग्यांना. पण दुसऱ्याच्या हातून घेतील तर शपथ! मी एकदा कप ओठाला लावला, तर तोंड घट्ट मिटून बसले.

आमची नात, खुडबुडी, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावरची बटणं आखायची. कुठलं बटण कुठे, कुणाचं बोट कुठे पडेल, दिवसभर हेच. आजोबांची ही दशा बघून म्हणाली, तुमच्यासाठी न सांडणारा कप करते. आणि चांगली नोकरी सोडून कपबशांच्या कारखान्यात एका साचेवाल्याच्या हाताखाली जाऊन बसली. तिच्या बापानं घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, अरे, पडद्यातल्या कपातून चहा पिता येतो का?

तिनं ह्यांच्या शेजारी बसून, फोन दोघांकडे वळवून त्यांच्या हाताचा व्हिडिओ काढला. कारखान्यात तोच बघून कप घडवला. बूड जड, कानाला अंगठ्यापुरता खळगा, काठाला एका बाजूला चोच. ह्यांनी ऐटीत उचलला, वाकवला, आणि सगळा चहा माझ्या मांडीवर. चोच पलीकडे! फोननं आरशासारखं दाखवलेलं. उजव्याचा डावा झालेला. जो हात उरलाच नव्हता, त्याच्यासाठी पोरीनं कप केला होता.

हे म्हणाले, "आजीला पाजायचा होता, तर आधी सांगायचंस."

ती हसली नाही. म्हणाली, "ऑफिसात असते तर जेवायच्या आत उलटा करून दिला असता, आबा."

इथे साचा नवा करायचा, माती वाळू द्यायची, मग भट्टी. तिनं घाई केली, तर साचेवाला म्हणाला, ओला भाजलास तर तडकेल. माती वाळत होती तेवढ्यात ह्यांना दुसरा झटका आला. घोट गिळवेना, श्वासात जायचा. डॉक्टरीणबाईंनी तोंडानं पाणीसुद्धा बंद केलं, नाकातून नळी घातली. मी खुडबुडीला म्हटलं, आता राहू दे गं. तर म्हणाली, "भट्टीत गेलाय, आजी. आता मागे कसा घेऊ?"

कप आला. ह्यांनीच हात पुढे केला. अंगठा बरोबर खळग्यात बसला. हात थरथरत होता, पण कप सरळ राहिला. चोच ओठाला लागली. कप रिकामा होता. ह्यांनी तो हळूहळू वाकवला, पार शेवटपर्यंत, आणि खाली ठेवला.

"कसा आहे, आबा?"

ह्यांची जीभ जड झाली होती. म्हणाले, "साखर जरा जास्त पडलीय."

"उद्या कमी घालते," ती म्हणाली. मग तो कोरडा कप घेऊन स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि कितीतरी वेळ धूत राहिली.