जाम इंजिनाचं कारण

एका मोठ्या गॅरेजनं आपली जुनी इंजिनं मुलांना शिकवायला म्हणून संस्थेला देऊन टाकली होती. टेम्पोतून ती उतरली, तेव्हा मेकॅनिकचा वर्ग घेणारी शिक्षिका तिथंच उभी होती. प्रत्येक बोल्ट मापातच आवळायचा असा तिचा हट्ट, म्हणून सगळी संस्था तिला ‘टॉर्क मॅडम’ म्हणायची. चौथ्या इंजिनावरची धूळ तिनं चिंधीनं पुसली, कोरलेला नंबर वाचला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

हा नंबर तिला तोंडपाठ होता. याच गॅरेजनं बाबांना कामावरून काढल्याच्या पत्रात तो होता आणि त्याखाली एकच ओळ होती : ‘मेकॅनिकने तेल न भरल्यामुळे इंजिन जाम.’ खाली सही फोरमनची.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी खुद्द गॅरेजच्या मालकांची. सर्व्हिसिंग होऊन दुसऱ्याच दिवशी ती रस्त्यात बंद पडली. फोरमननं बोनेट उघडलं, सगळ्यांकडे पाठ करून तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली आणि मग कोरडीठाक पट्टी मालकांच्या नाकासमोर धरली. “बघा साहेब, थेंब नाही!” बाबा जीव तोडून सांगत होते, “तेल मी माझ्या हातानं भरलंय.” पण फोरमनच्या शब्दापुढे त्यांचं कोण ऐकणार? गाडीला नवं इंजिन बसलं, जुनं न उघडताच शेडमागे गेलं आणि बाबा रस्त्यावर आले. त्यानंतर एकाही गॅरेजनं त्यांना दारात उभं केलं नाही. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस एका इमारतीचा वॉचमन झाला आणि लोकांच्या गाड्यांना फाटक उघडू लागला.

तिनं त्या इंजिनाची पट्टी ओढली. तेल खुणेपर्यंत होतं. काळं, घट्ट, पण पुरेपूर.

मग तिनं वाकून खाली पाहिलं. तळाचं ऑइल चेंबर जिथं इंजिनाला जोडतात, तिथून सांध्यातली गळती रोखायची लाल पेस्ट जाडजूड पट्ट्यासारखी बाहेर आली होती. बाबा नेहमी म्हणायचे, “फोरमन पेस्ट लावत नाही, थापतो.” आणि पत्रासोबत बाबांनी जपून ठेवलेल्या जॉब कार्डावर लिहिलं होतं : चेंबरचं काम, फोरमन. बाहेर एवढी, तर आत किती असेल!

एखादीनं तेव्हाच पाना हातात घेतला असता. तिनं इंजिनावर ताडपत्री टाकली. ते तिला उघडायचं नव्हतं, फोरमनकडून उघडवून घ्यायचं होतं. घरी तिनं चकार शब्द काढला नाही. प्राचार्यांना मात्र वार्षिक परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून तिनं एक नाव सुचवलं. “फार अनुभवी माणूस आहे सर. मुलांना खूप शिकायला मिळेल.” आठ महिने ती थांबली. रोज ताडपत्रीजवळून जाताना तिच्या पोटात आग पेटायची, आणि ती आग तिला हवीहवीशी वाटायची.

फोरमन आला तो कडक इस्त्रीत. केस पांढरे झाले होते, ऐट तीच होती. त्यानं तिला ओळखलं नाही. बाबांना डबा द्यायला येणारी शाळकरी मुलगी त्याच्या कशाला लक्षात राहील?

“सर,” ती गोड आवाजात म्हणाली, “मुलांची परीक्षा नंतर. आधी तुम्हीच हे जाम इंजिन खोलून कारण शोधून दाखवलंत तर? असे हात पुन्हा कधी बघायला मिळणार?”

फोरमन फुलला. त्यानं बाह्या सरसावल्या. बावीस मुलं-मुली भोवती उभी राहिली. प्राचार्य खुर्ची घेऊन बसले.

आधी त्यानं चेंबरचं बूच काढून तेल सोडलं. ट्रे भरत आला.

“म्हणजे तेल होतं?” तिनं विचारलं.

“भरपूर होतं. तेल नसल्यानं जाम झालं असं कोणी म्हणेल, तर तो मूर्ख.”

प्राचार्यांनी मान डोलावली. तिनं हाताची घडी आणखी घट्ट केली.

त्यानं वरचं हेड उतरवलं. “ह्या झडपा. एकीतून हवा-पेट्रोल आत, दुसरीतून धूर बाहेर. ठीक आहेत. हा पिस्टन, वर स्फोट झाला की खाली ढकलला जातो. सिलिंडरला ओरखडा नाही. म्हणजे रोग वर नाही, खाली आहे.” इंजिन उलटं केलं. “पिस्टनचा धक्का या दांड्यातून क्रँकला मिळतो. क्रँक त्या वर-खाली हालचालीचं फिरणं करतो, त्यावर चाकं फिरतात. क्रँक बसतो बेअरिंगांवर, आणि बेअरिंगं जगतात तेलावर. पंप चेंबरमधलं तेल ओढून त्यांना पाजतो.”

चेंबर निघालं. बेअरिंग जळून क्रँकला चिकटलं होतं. पंपाच्या तोंडावरची जाळी त्यानं बोटानं खरवडली. लाल पेस्टचे गोळे बाहेर पडले. जाळी गच्च बुजली होती.

“सापडलं!” तो विजयानं म्हणाला. “तेल होतं, पण पंपाला ओढताच आलं नाही. ज्या गाढवानं हे चेंबर बसवलं, त्यानं पेस्ट थापलीय. अशा माणसाला इंजिनाच्या आसपास फिरकू देऊ नये.”

“लिहून द्याल सर? मुलांना संदर्भ राहील.”

त्यानं झोकात लिहिलं, सही ठोकली. मग तिनं जॉब कार्ड आणि पत्र टेबलावर ठेवलं, इंजिनाचा नंबर मोठ्यानं वाचला, दोन्ही कागदांवरचा नंबर वाचला आणि बाबांचं नाव सांगितलं.

“गाढव कोण, ते आता तुमच्याच अक्षरात आहे.”

फोरमनचा चेहरा उतरला. “त्या दिवशी... मालक समोर उभे होते...” एवढंच तो पुटपुटला. कोणी हसलं नाही. बावीस जण नुसते बघत राहिले, आणि तेच तिला हवं होतं.

त्या कागदाची एक प्रत दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर गेली, दुसरी गॅरेजच्या सूचनाफलकावर. पंधरवड्यात फोरमनला घरी बसवलं. मालकांचं माफीचं पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

पुढच्या रविवारी सकाळी फोरमन घरी आला. इस्त्री नव्हती, ऐटही नव्हती.

“एकदा त्यांची माफी मागू दे पोरी. नीट झोप लागत नाही मला.”

तिनं दार अडवलं. “बाबा घरी नाहीत.”

“मी थांबतो.”

तेवढ्यात आतून बाबांचा खणखणीत आवाज आला, “नाहीत म्हणून सांगितलं ना एकदा!”

तिनं दार लावून घेतलं.