मडमेच्या घेवड्याची मेढ

मी एक जुनी मेढ आहे, मित्रांनो. वर बेचकं असलेल्या खांबाला आमच्या मावळात मेढ म्हणतात. आज मी मळवलीच्या एका बंगल्यामागे कुंपणाला टेकून उभी आहे. एके काळी मात्र माझ्या खांद्यावर मांडव होता आणि मांडवावर तांबड्या फुलांचा वेल होता.

मी मूळची आंब्याची फांदी. वादळात झाड पडलं तेव्हा बंगल्याचा राखणदार कोंडाजी याने मला तासून आपल्या खोपटापुढे पुरलं. त्या साली बंगल्यात उतरलेल्या एका मडमेने जाताना त्याच्या लेकीला, अंबूला, मूठभर बी दिलं होतं. जांभळं, काळ्या ठिपक्यांचं. अंबूने ते माझ्या बुडाशी टोकलं. थंडी पडू लागली तशी लालभडक फुलं आली, मग वीतभर शेंगा लागल्या. शेजारच्या बाया त्याला मडमेचा घेवडा म्हणू लागल्या.

दोन वर्षांनी मानमोडीच्या तापाची साथ आली. अंबू तीन दिवसांत गेली. तिच्यामागे घरात तिचं असं काही उरलं नाही, एवढा घेवडा उरला. तिची आई झुंबरबाई दरसाल बी राखेत घालून जपायची आणि पाऊस सरला की स्वतःच्या हाताने टोकायची. कोंडाजीलाही त्या मातीला हात लावू द्यायची नाही.

मी वाळत गेले तसे माझ्यात भुंगे राहायला आले. काळेकुळकुळीत, अंगठ्याएवढे. ते लाकूड खात नाहीत, नुसतं कोरतात आणि आत पिल्लं वाढवतात. सकाळी ऊन अंगावर आलं की ते घुमत बाहेर पडायचे आणि थेट फुलांवर बसायचे. फूल त्यांच्या वजनाने खाली वाकायचं. चार दिवसांत तिथे नखाएवढी शेंग दिसायची. दहा-अकरा वर्षं हे असंच चाललं.

मग एका दिवाळीआधी कोंडाजीने माझ्या बुडाशी पडलेला भुसा पाहिला. त्याने माझी भोकं मोजली.

"मेढ पोखरली गं," तो झुंबरबाईला म्हणाला. "तू दिवसभर हिच्याखाली बसतीस. एखाद दिवशी मांडव डोक्यात यील."

बंगल्याच्या पत्र्याला लावून थोडं डांबर उरलं होतं. त्याने एकेक भोक शेणमातीने बुजवलं आणि मला वरून खालपर्यंत डांबर फासलं. आत पिल्लं होती, मित्रांनो. दोन दिवस त्यांची गुणगुण मला आतून जाणवत होती. तिसऱ्या दिवशी ती थांबली. मला बोलता आलं असतं तर!

त्या साली वेल फुलांनी लदबदला. पण फुलं नुसतीच गळली. सकाळी अंगणात तांबडा सडा पडायचा आणि झुंबरबाई तो गोळा करत बसायची. बारीक माश्या यायच्या, पण त्या चोरासारख्या देठाकडून भोक पाडून मध प्यायच्या आणि निघून जायच्या. सबंध वेलाला दहा-बारा शेंगा धरल्या. पुढच्या साली सहा, त्याच्या पुढे चार. झुंबरबाईने लेंडीखत घातलं, ताक शिंपडलं, दृष्ट काढली. शेवटी ती वेलाशी बोलेनाशी झाली.

चौथ्या वर्षी नूरमहंमद बागवान बंगल्यातले पेरू न्यायला आला. म्हातारा, उभा जन्म बागांत गेलेला. तो वेलापाशी बराच वेळ उभा राहिला.

"रोग न्हाई ह्याला, वयनी," तो म्हणाला. "ह्या फुलाचं दार जड असतं. भुंगा बसला की खालची पाकळी दबती, मग आतला कोंब भाईर येतो अन् फळ धरतं. हितं भुंगा कुटं हाय?"

झुंबरबाईने माझ्याकडे पाहिलं, मग कोंडाजीकडे. कोंडाजी खाली मान घालून पेरू भरत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने विळ्याने माझं डांबर खरवडलं. भोकं मोकळी केली, बोटं सोलवटली. एक भुंगी आली, वास घेऊन परत गेली. पुन्हा कुणी आलं नाही.

झुंबरबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. सकाळी ती एकेक फूल दोन बोटांत धरून पाकळी दाबायची. पुष्कळ फुलं तुटायची. त्यातून सात शेंगा धरल्या. तेवढंच बी आता जगात तिचं होतं.

त्याच सुमारास कोंडाजी अंथरुणाला खिळला. बाज माझ्याजवळ उन्हात टाकलेली असायची. त्याला अन्न जात नव्हतं.

"माज्या हातनं झालं ते," एका दुपारी तो म्हणाला. "मला वाटलं, तुला जपतोय."

झुंबरबाई उठली. तिने सातही शेंगा खुडल्या, कोवळ्याच. चुलीवर भाजी टाकली आणि त्याच्यापुढे थाळी ठेवली.

तो थाळीकडे पाहत राहिला. "बियाला ठिवलं का?"

"व्हय. ठिवलंय की. जेवा तुमी."

तो जेवला. किती दिवसांनी पोटभर जेवला. ती पंख्याने वारा घालत शेजारी बसली होती. चार दिवसांनी तो गेला. पाऊस सरल्यावर तिने माती उकरली नाही, टोकायला बी उरलंच नव्हतं. मांडव मोडून तिने मला कुंपणाला टेकवलं. पुढे तीही भावाकडे वडिवळ्याला गेली. परत आली नाही.

मित्रांनो, कोंडाजीला नावं ठेवू नका. त्याने वाईट मनाने काही केलं नाही. पण कुठलंही भोक बुजवण्याआधी त्याला कान लावून पाहा. आत कुणी गुणगुणत असेल तर हात आवरा. माझी भोकं आज सगळी मोकळी आहेत. त्यांतून वारा जातो, एवढंच.