पाळण्यात एकाचीच जागा

"सुरुंगाचे तीन बार भरले आन दोनच उडाले!" मुकादम हैबतराव विहिरीच्या काठावरून ओरडले. "कोंडिबा, वात तू लावलीस. बघ जा उतरून."

विहीर फोडणाऱ्यांचा रिवाजच तो. ज्यानं वात पेटवली, त्यानंच न उडालेला बार बघायला खाली जायचं.

चिंचेखाली बायकांत बसलेल्या सगुणाबाईनं मान वळवली नाही. डबराची पाटी उचलून डोक्यावर द्यायला बाकीच्या बायकांना कोंडिबा लागायचा. ती मात्र त्याचा हात लागू देत नसे. पाटी गुडघ्यावर टेकवायची, हिसडा द्यायचा, आपणच चढवायची. मागल्या साली घोटावड्याच्या याच शिवारात, दुसऱ्या एका विहिरीत वात पेटलेली असताना दोराचा पेड तुटला. विहिरीत ये-जा करायच्या पाळण्याला दोघं पेलेनात. तिच्या नवऱ्यानं, शांतवननं, कोंडिबाला पाळण्यात ढकललं आणि ओरडला, "ओढा!"

वर एकटा कोंडिबा आला.

आज उत्तम शुक्रवार, येशूच्या क्रुसावरच्या मरणाचा दिवस. पहाटे जात्यावर ती गायली होती :

क्रुसाच्या लाकडाला, कोण टांगला बिनगुन्ह्याचा
माझ्या येशूनं घेतला, वाटा माझ्या गं मरणाचा

येशूचं गाताना जातं आपसूक हलकं फिरायचं. तेच आपल्या माणसानं केलं, हे आठवलं की मात्र दात आवळले जायचे. द्यायचा तर द्यावा जीव. पण ह्या कोंडिबासाठी?

कोंडिबा पाळण्यात बसला. रहाटावरच्या गड्यांनी दोर ताणला.

"जाऊ दे त्याला," शेजारची धोंडाबाई पुटपुटली. "फिटंल तरी."

जाऊ दे. सगुणाबाईच्याही ओठांवर तेच होतं. तेवढ्यात कोंडिबानं तिच्याकडं पाहिलं.

"वैनी, येतो."

त्याच्या तोंडावर भीती नव्हती. डोईवरचं ओझं उतरल्यावर माणूस दिसतो, तसा तो दिसत होता. सगुणाबाई ताडकन उठली. ती धावत सुटली आणि तिनं दोर धरला.

"उतर खाली!"

"सोडा वैनी. माझ्यापायी गेला त्यो. हे जगनं मला पेलत न्हाई."

"आन मला पेलतंय व्हय?" तिचा आवाज चिरकला. "दिलंय न्हवं त्यानं? मंग घे की मुकाट! परत कराया निघालाय मोठा!"

"ए बाई, दोर सोड," हैबतराव खेकसले. "काम खोळंबलंय."

"लई घाई हाय तर तुमीच बसा पाळण्यात, मुकादम!"

रहाटावरचा एक गडी फिसकन हसला. त्या हसण्यानंच कोंडिबाचं उसनं अवसान गळालं. तो काठावर उतरला. तिनं त्याचं मनगट धरून त्याला चिंचेकडं ओढलं. मागोमाग गडीही दोर खुंट्याला बांधून आडोशाला आले, आणि त्यांच्यामागं चरफडत हैबतरावही.

जमीन हादरली. विहिरीतून धूर आणि दगड उसळले. धूळ बसली तेव्हा रिकाम्या पाळण्याची फळी दुभंगून लोंबत होती. हैबतरावांनी डोक्यावरचा पटका काढला आणि नुसतेच हातात धरून उभे राहिले.

कोंडिबा तिच्या पायांशी वाकला. ती झटकन मागं सरली.

"माझ्या न्हाई," ती म्हणाली. तिनं पलीकडच्या, मागल्या सालच्या विहिरीकडं बोट केलं.

दुपारी काम पुन्हा सुरू झालं. बायका पाट्या भरू लागल्या. सगुणाबाईनं आपली पाटी भरली, पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. मग ती कोंडिबासमोर गेली आणि मान ताठ करून, पाटी उचलून मिळायची वाट पाहत उभी राहिली.